भावोजींच्या सोळा मात्रा

दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटं. हॉटेलच्या चहाच्या हॉलमागे कपाटाएवढी एक खोली आहे. तिथे टेबलक्लॉथ, नॅपकिन आणि वादकांचे काळे कोट एकाच दांडीला टांगलेले असतात. त्या खोलीत एका स्टुलावर बसून मेव्हणे रीड भिजवत होते. रीड म्हणजे बोटभर लांबीची बोरूची पातळ पट्टी. ती सॅक्सोफोनच्या तोंडाशी बसवायची आणि तिच्या थरथरीतून आवाज काढायचा. कोरडी रीड खरखरते, म्हणून आधी ती ओठांत धरून ओली करावी लागते. तेवढा वेळ मेव्हण्यांना बोलता येत नाही, आणि हॉटेलातल्या प्रत्येकाला त्यांच्याशी बोलायला नेमकी तीच वेळ सोयीची वाटते.

"आणलंय ना?" पियानोवाली दारात उभी राहून म्हणाली. बँड आता तिच्या हाताखाली आहे.

मेव्हण्यांनी कोटाच्या खिशावर हात ठेवून मान हलवली. खिशात एक छोटी पांढरी डबी होती. डबीत कानाचं मशीन होतं, दोन्ही कानांसाठी एकेक.

"मग आज लावा. परवा तुम्ही अख्खं गाणं पाव सूर वर वाजवलंत. मी मध्येच पियानो थांबवून पाहिला. तुम्हाला पत्ताही लागला नाही." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकायला जास्त जड गेलं. "मला तुम्हाला काढायचं नाहीये, मेव्हणे. पण मॅनेजर रोज विचारतात, आणि मी रोज काय थापा मारू? मशीन लावून वाजवा. नाहीतर एक तारखेपासून तुमच्या जागी दुसरा माणूस बसेल."

ती गेली. दांडीवरच्या कोटांमागून बासवाला बाहेर आला. हा माणूस त्याच्या पुरुषभर उंच तंतुवाद्याएवढाच रुंद आहे आणि मेव्हण्यांइतकाच या हॉटेलात जुना.

"कानामागून आली आणि तिखट झाली," तो म्हणाला.

मेव्हण्यांनी रीड काढली. "हळू बोल. ऐकेल ती."

"ऐकू दे तिला. तुम्हाला ऐकू आलं ना? मग अजून आशा आहे."

मेव्हणे हसले नाहीत. मशीन चार आठवड्यांपासून खिशात होतं. ते लावायला लाज वाटत होती असं नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या कानात काय आहे हे बघायला कोण येतं? भीती वेगळीच होती, आणि ती समजण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

मेव्हण्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. शेजारच्या गाळ्यात वाद्यं दुरुस्त करणारा एक माणूस बसायचा. घड्याळाच्या दुकानात मुलानं खोकलेलंही चालत नसे, एक स्प्रिंग उडाली की दिवसभर जमिनीवर रांगायची पाळी. म्हणून मुलगा शेजारी जाऊन बसायचा. तिथे तो सॅक्सोफोन वाजवायला नाही, आधी सॅक्सोफोनच्या भोकांवरच्या चामड्याच्या गाद्या बदलायला शिकला. गादी नीट बसली की नाही हे बघायला फुंकून पाहावं लागतं. फुंकता फुंकता सूर लागला. वडील म्हणाले, "टिकटिक सोडून पोरगं पोंपों करायला लागलं." यापलीकडे त्यांनी विरोध केला नाही.

पहिली नोकरी सर्कशीच्या बँडमध्ये. झुल्यावरच्या माणसाकडे बघून वाजवायचं, नोटेशनकडे नाही. त्याचा हात सुटला की सूर लांबवायचा, त्यानं दांडी पकडली की तोडायचा. जॅझ तिथेच शिकलो, असं मेव्हणे सांगतात. दुसरा माणूस हवेत असताना आपण काय करायचं, एवढाच तर जॅझमधला प्रश्न आहे. सर्कस बुडाली तसे ते प्रवासी जहाजावरच्या बँडमध्ये लागले. तिथे त्यांना ट्रंपेटवाला भेटला.

ट्रंपेटवाला उंच, देखणा, आणि उशीर करण्यात कुणाला हार न जाणारा. जेवायला उशिरा, जहाजावर चढायला उशिरा, आणि गाण्यातसुद्धा अर्धी मात्रा उशिरा. ट्रंपेट ओठांना लावण्याआधी मनगटानं ओठ पुसायची त्याला सवय होती. त्या पुसण्यात अर्धी मात्रा जायची, आणि ती गेलेली अर्धी मात्रा तो पुढे अशा ऐटीत भरून काढायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, बाकीचा बँडच घाईत आहे. जहाज बंदराला लागलं की मेव्हणे त्याला घरी जेवायला न्यायचे. तिसऱ्या खेपेला त्यानं मेव्हण्यांच्या थोरल्या बहिणीला मागणी घातली.

आक्का तेव्हा घरी शिलाई करायची. तोंडात टाचण्या धरूनच तिनं भावाला सुनावलं होतं, "एका घरात फुंकणारे दोघे? त्यापेक्षा फुग्यांचं दुकान टाका." पण लग्न केलं. नवरदेव स्वतःच्या लग्नालाही तासभर उशिरा आला, हे ती अजून सांगते.

त्या दिवसापासून ट्रंपेटवाला सॅक्सोफोनवाल्याला 'मेव्हणे' म्हणायला लागला आणि सॅक्सोफोनवाला त्याला 'भावोजी'. दोघं या हॉटेलात आले तेव्हा हीच नावं सोबत आली. ड्रमवाल्यापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे हे मेव्हणे आणि ते भावोजी झाले. मेव्हण्यांनी लग्न केलं नाही. तिघं एकाच घरात राहायचे. अकरा वर्षांपूर्वी भावोजी गेले. मेव्हण्यांना मात्र सगळे अजून मेव्हणेच म्हणतात. कुणाचे, असं नवीन माणूस हमखास विचारतो.

दोघांची खासियत होती शेवटून दुसरं गाणं. संथ चालीचं, पावणेसहाला सुरू व्हायचं. त्याच्या मध्यावर दोघं आळीपाळीनं वाजवत: सोळा मात्रा सॅक्सोफोन, सोळा मात्रा ट्रंपेट, पुन्हा सोळा, पुन्हा सोळा. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. त्या वेळी हॉलमधले लोक कपात साखर ढवळायचे थांबत, असं जुने वेटर सांगतात.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी पाच वाजताच्या विश्रांतीनंतर भावोजी परत आले नाहीत. ते विश्रांतीत मागच्या जिन्यावर सिगारेट ओढायला जात, आणि वरातीमागून घोडं ही त्यांची रीतच, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. बँडनं त्यांच्याशिवाय सुरुवात केली. पावणेसहाचं गाणं आलं. मेव्हण्यांनी आपल्या सोळा मात्रा वाजवल्या आणि सवयीनं सॅक्सोफोन तोंडातून काढला. खाली फक्त बास आणि ड्रमवर घासणारा तारांचा ब्रश चालू राहिला.

आणि जिन्याच्या बाजूनं ट्रंपेट वाजलं. अर्धी मात्रा उशिरा.

मेव्हण्यांना हसू आलं. भावोजी जिन्यावरूनच वाजवतायत, काय माणूस आहे! त्यांनी पुढच्या सोळा मात्रांत एक खोडकर प्रश्न टाकला, त्यालाही उत्तर आलं. गाणं संपलं. टाळ्या वाजल्या. मेव्हणे वळले तेव्हा त्यांना ट्रंपेट दिसलं. ते शेजारच्या खुर्चीवर होतं, विश्रांतीआधी भावोजींनी ठेवलं होतं तसंच, आडवं.

जिन्यावर भावोजी भिंतीला टेकून बसलेले सापडले. हातातली सिगारेट बोटांपर्यंत जळून विझली होती. डॉक्टर म्हणाले, जाऊन तास होत आला असावा.

मेव्हण्यांचे कान तेव्हा ठणठणीत होते. बासवाल्याला त्यांनी एकदाच विचारलं, तू काही ऐकलंस का? तो म्हणाला, "मी माझी तार ऐकत होतो." नंतर कुणाला विचारलं नाही.

फक्त आक्काला सांगितलं. तिनं रडून झाल्यावर एकच प्रश्न केला, "काय वाजवलं त्यानं?" मेव्हण्यांनी गुणगुणून दाखवलं. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "हो. त्याचंच."

दुसरा ट्रंपेटवाला बँडनं घेतला नाही. पावणेसहाच्या गाण्यात मेव्हणे आजही आपल्या सोळा मात्रा वाजवून थांबतात आणि पुढच्या सोळा मोकळ्या सोडतात. गिऱ्हाइकांना वाटतं, म्हातारा दम घेतोय. पियानोवालीलाही नवीन असताना तसंच वाटलं. तिनं ती जागा पियानोनं भरली, छान भरली. तेव्हा बासवाल्यानं वाजवता वाजवता मान वळवून तिच्याकडे नुसतं पाहिलं. पुन्हा तिनं तिथे हात घातला नाही.

त्या मोकळ्या जागेत मेव्हण्यांना ट्रंपेट ऐकू यायचं. रोज नवीन. संध्याकाळी घरी गेलं की आक्का सूप गरम करायला ठेवायची आणि पाठमोरी विचारायची, "आज काय वाजवलं त्यानं?" मेव्हणे बूट सोडता सोडता गुणगुणायचे. कधी ती म्हणायची, "आज चिडलाय." कधी म्हणायची, "झोप झालेली दिसत नाही." बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर दोघांना वेड्यात काढलं असतं. पण बाहेरचं कुणी तिथे नसायचं. भावोजींचं ट्रंपेट कपाटावर पेटीत आहे. महिन्यातून एकदा आक्का ते काढते, त्याच्या तिन्ही बटणांना तेल घालते आणि ती अडकू नयेत म्हणून बराच वेळ दाबत बसते. फुंकत कधीच नाही.

दोन वर्षांपूर्वी मेव्हण्यांचे कान जायला लागले. आधी चिमण्या गेल्या, मग दारावरची घंटा, मग पियानोचे वरचे सूर. ट्रंपेट मात्र उलट स्पष्ट होत गेलं. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून मशीन लिहून दिलं आणि विचारलं, "नसलेले आवाज येतात का हो? गाणं वगैरे?"

"का?" मेव्हण्यांनी विचारलं.

"पुष्कळांना येतात. कानांकडून काही मिळेनासं झालं की डोकं रिकामी जागा स्वतःच भरतं. घाबरायचं कारण नाही. मशीन लावलं की बहुतेकांचं थांबतं."

मेव्हणे म्हणाले, मला असलं काही होत नाही. आणि मशीन डबीत, डबी खिशात, असे चार आठवडे गेले.

आज मात्र गत्यंतर नव्हतं. चारला दोन मिनिटं कमी असताना त्यांनी ते दोन्ही कानांत बसवलं. जग एकदम अंगावर आलं. कोटाच्या बाहीचं घासणं, बासवाल्याच्या बुटाचं कुरकुरणं, हॉलमधल्या सगळ्या चमच्यांचा सगळ्या बशांवरचा आवाज. पहिलं गाणं सुरू झालं आणि त्यांना पियानो ऐकू आला, अख्खा, वरच्या सुरांसकट. आपण सूर किती वर धरतो हे त्यांचं त्यांनाच कळलं. सूर उतरावा म्हणून त्यांनी तोंडाकडचं माउथपीस नखभर बाहेर ओढलं. पियानोवालीनं न बघता मान डोलावली.

पावणेसहाला संथ गाणं आलं. मेव्हण्यांनी सोळा मात्रा वाजवल्या. थांबले.

बास. ब्रश. कुणीतरी खुर्ची सरकवली. एअर कंडिशनरची घरघर, जी त्यांनी या मोकळ्या जागेत कधी ऐकलीच नव्हती. बास. ब्रश. बस, एवढंच. जिन्याच्या बाजूला एक दार आहे. ते नुसतं दार होतं.

त्यांनी पुढच्या सोळा वाजवल्या, पुन्हा थांबले. पुन्हा तेच. गाणं संपल्यावर पियानोवाली जवळ आली आणि म्हणाली, "मेव्हणे, वर्षभरात इतकं सुंदर वाजवलं नव्हतंत तुम्ही." त्यांनी आभार मानले. नोकरी वाचली होती.

घराच्या वाटेवर त्यांनी मशीन काढलं आणि सोळा मात्रा स्वतःच तयार केल्या. कठीण नव्हतं. या माणसाशी त्यांनी अर्धं आयुष्य सवालजवाब केले होते. त्याची वळणं, त्याचा खाली येतानाचा तो लंगडा सूर, सगळं तोंडपाठ होतं.

"आज काय वाजवलं त्यानं?" आक्कानं विचारलं. ती सुपाकडे बघत होती.

मेव्हण्यांनी बुटाची नाडी ओढत गुणगुणलं.

आक्कानं गॅस बारीक केला. "पुन्हा म्हण."

त्यांनी पुन्हा म्हटलं.

"हे त्याचं नाही."

"अगं, त्याचंच. तो खाली येतानाचा—"

"खाली येताना काही करू दे. सुरुवात बघ. ठोक्यावर आला." ती वळली. "छोट्या, तो माणूस कधी वेळेवर आला होता? लग्नाला आला? मरतानासुद्धा तुम्हा सगळ्यांना ताटकळत ठेवलं. आणि आज घड्याळ लावून आला? हे तुझं आहे. घड्याळजीच्या पोराचं."

मेव्हण्यांनी खिशातली डबी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं, पियानोवाली काय म्हणाली तेही सांगितलं. आक्कानं डबी उघडली, मशीन तळहातावर घेऊन पाहिलं.

"एवढंसं," ती म्हणाली. "म्हणजे लावलं की तो जातो, आणि नाही लावलं की तू जातोस."

"तू म्हणशील तसं, आक्का. नोकरी काय, मी घरी बसेन."

"घरी बसून काय करणार? माझ्या डोक्यावर बसशील." तिनं मशीन परत डबीत ठेवलं, काळजीनं, सुईच्या डबीत सुई ठेवावी तसं. "अकरा वर्षं तुझ्या तोंडून ऐकतेय. उद्या मी येते. एकदा माझ्या कानांनी ऐकून बघू दे, त्या जागेत काय आहे."

भावोजी गेल्यापासून आक्कानं हॉटेलात पाऊल टाकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सव्वापाचला ती आली. करड्या रंगाचा कोट, हातात चौकोनी पर्स. हेडवेटरनं तिला ओळखलं आणि खांबाशेजारच्या टेबलावर बसवलं. बासवाल्यानं लांबूनच हात जोडले. तिनं चहा मागवला, पण ती प्यायली नाही.

मेव्हण्यांच्या कानांत मशीन होतं. पावणेसहाचं गाणं सुरू झालं. त्यांनी आपल्या सोळा मात्रा अगदी साध्या वाजवल्या, कुणाला काही सुचवायचं नाही अशा. आणि थांबले.

बास. ब्रश. घरघर. जिन्याकडचं दार बंद.

त्यांनी आक्काकडे पाहिलं. ती बँडकडे बघत नव्हती. तिची नजर त्या दारावर होती. डावा हात पर्सवर, आणि उजवा हात टेबलाच्या कडेवर. सोळातली पहिली मात्रा पडली. तिचं मनगट उचललं गेलं आणि तोंडावरून, ओठांवरून फिरलं. मग हात परत टेबलाच्या कडेवर आला आणि बोटं हलायला लागली. पहिलं, मधलं, अनामिका. अर्धी मात्रा उशिरा.

मेव्हणे वाकून त्या बोटांकडे बघायला लागले. ट्रंपेटला बटणं तीनच. एकाच बटणावर ओठांच्या ताणाप्रमाणे वेगवेगळे सूर निघतात, त्यामुळे नुसती बोटं बघून सूर सांगता येत नाही. पण ज्याचं म्हणणं ऐकण्यात आयुष्य गेलं त्याचे ओठ कुठे ताणतात हे माहीत असतं. त्यांनी बोटं वाचली. आवाज कुठेच नव्हता. मशीन चालू होतं, कान उघडे होते, आणि हॉलमध्ये चमचे वाजत होते. सोळावी मात्रा आली तशी बोटं थांबली. मेव्हणे सॅक्सोफोन तोंडाशी न्यायला विसरले असते, पण बासवाल्यानं तार जरा जोरात ओढली.

दुसऱ्या खेपेलाही बोटं हलली. वेगळी.

साडेसहाला दोघं बहीण-भाऊ फुटपाथवरून घरी निघाले. आक्कानं त्यांच्या दंडाला धरलं होतं. मेव्हण्यांनी मशीन काढलं नव्हतं. बसगाड्यांचा आवाज त्यांना सहन होत नव्हता, तरी.

"मला काही ऐकू आलं नाही रे," बरंच अंतर चालून झाल्यावर ती म्हणाली. "नुसती घरघर."

"मलाही नाही."

"मग संपलं म्हणायचं."

मेव्हणे थांबले आणि रस्त्यातच गुणगुणायला लागले. सोळा मात्रा, पहिल्या खेपेच्या. आक्काची दंडावरची पकड घट्ट झाली.

"हे कुठून आणलंस?"

"तू वाजवत होतीस. टेबलावर. ओठ पुसून."

"वेड लागलंय का? माझे दोन्ही हात पर्सवर होते."

"डावा होता."

"दोन्ही होते, छोट्या. मला माझे हात माहीत नाहीत?"

त्यांनी वाद घातला नाही. आक्कानं उजवा हात त्यांच्या दंडावरून काढला, दिव्याखाली धरून उलटा-पालटा करून पाहिला, आणि कोटाच्या खिशात घातला. घर येईपर्यंत तो तिनं बाहेर काढला नाही. दाराशी किल्ली डाव्या हातानं लावली.

"त्याचंच होतं," कुलूप उघडता उघडता ती म्हणाली. "झोप झालेली नाही त्याची."

बँड उद्याही चारला सुरू होईल. हॉटेलच्या चहाच्या हॉलमध्ये खांबाशेजारचं टेबल सव्वापाचपासून सहापर्यंत एका माणसासाठी राखून ठेवलेलं आहे. हेडवेटरनं 'राखीव'ची पितळी पाटी आज रात्रीच त्यावर ठेवून दिली आहे.